न्यूरॉन रिसेप्टरचा जीन कसा चालू-बंद करतो, हे लॅबमध्ये शोधायचं कसं

न्यूरोसायन्समध्ये प्रोजेक्ट करायचाय म्हणून येणारे निम्मे विद्यार्थी एकच वाक्य घेऊन येतात, "मला रिसेप्टरच्या जीनचं रेग्युलेशन बघायचंय". ठीके, पण कोणत्या रिसेप्टरचं, कोणत्या पेशीत आणि कशाच्या तुलनेत? हे तीन नक्की केल्याशिवाय पिपेटला हात लावू नका, कारण नुसतं "रेग्युलेशन बघणं" असा प्रयोग नसतो, आणि गाईडला पण ते वाक्य ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो.

म्हणून मी इथे एकच जीन धरून चालतो, जीआरआयए२, म्हणजे एएमपीए रिसेप्टरचं (न्यूरॉनवरचं, ग्लुटामेट पकडून उघडणारं चॅनेल) ग्लूए२ हे सबयुनिट बनवणारा जीन. बाकी जीनसाठी रस्ता साधारण हाच, फक्त प्रोटीनची नावं बदलतात.

हाच का घेतला तर, एएमपीए रिसेप्टर चार सबयुनिट्स मिळून बनतो आणि त्यात ग्लूए२ असेल तर चॅनेलमधून कॅल्शियम जवळपास जात नाही, नसेल तर जातं. ग्लूए२ च्या एमआरएनएमध्ये (जीनवरून निघालेली कॉपी, जिच्यावरून प्रोटीन बनतं) एडीएआर२ नावाचं एन्झाइम एक अक्षर बदलतं, त्यामुळे चॅनेलच्या तोंडाशी ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येतं, आणि त्या आर्जिनिनचा पॉझिटिव्ह चार्ज कॅल्शियमला अडवतो. म्हणजे एका जीनचं काम कमी झालं की सायनॅप्समधून कॅल्शियम आत यायला लागतं, आणि जास्त कॅल्शियम म्हणजे पेशी मरायची वाट. त्यामुळे "हा जीन कोण दाबतं" हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

आधी लॅपटॉपवर बसा, हा भाग फुकट आहे

यूसीएससी जीनोम ब्राउझर किंवा एन्सेम्बल उघडा, उंदीर, घूस आणि माणूस तिन्हींमधला हा जीन शोधा (घूस म्हणजे आपली लॅबची रॅट, गटारातली नव्हे). ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून एमआरएनए बनणं) कुठून सुरू होतं ते बघा. इथे पहिला झटका बसतो, कारण कॉलेजच्या पुस्तकात प्रमोटर (जीनच्या सुरुवातीचा, त्याला चालू करणारा भाग) म्हणजे टाटा बॉक्स आणि तिथून ठरलेल्या अंतरावर सुरुवात असं छान चित्र असतं, आणि जीआरआयए२ च्या प्रमोटरमध्ये टाटा बॉक्सच नाही, जीसीने भरलेला भाग आहे आणि सुरुवातीच्या जागा एक नाही तर अनेक आहेत. रिसेप्टरच्या बऱ्याच जीनचं असंच असतं. म्हणून "सुरुवातीपासून मागे इतके बेस" असा तुकडा कापताना कोणती सुरुवात धरली ते वहीत लिहून ठेवा, आणि ५ प्राइमकडचा अनुवाद न होणारा भाग पण तुकड्यात घ्या, तिथे पण कंट्रोल बसलेला असतो.

मग जॅस्परसारख्या डेटाबेसमध्ये तो सिक्वेन्स टाकून कोणती प्रोटीन्स तिथे बसू शकतात ते बघायचं. शेकडो नावं येतील. घाबरू नका आणि खूश पण होऊ नका. साधं गणित करा: ई-बॉक्स नावाची जागा म्हणजे सीएएनएनटीजी (एन म्हणजे कोणतंही अक्षर), यात ठरलेली अक्षरं चारच, म्हणजे नुसत्या योगायोगाने दर २५६ बेसमागे एक सापडणार, २००० बेसच्या तुकड्यात सातआठ तर फुकटातच. या उलट आरई१ नावाचा सिक्वेन्स जवळपास २१ अक्षरांचा आहे, तो असा उगाच सापडत नाही. जीआरआयए२ च्या प्रमोटरमध्ये आरई१ सारखा एक तुकडा आहे, शिवाय एसपी१ आणि एनआरएफ१ च्या जागा आहेत, आणि तिन्ही प्राण्यांमध्ये टिकून राहिलेली जागा दिसली की तिच्यावर आधी पैज लावायची.

आरई१ वर बसणारं प्रोटीन म्हणजे रेस्ट, यालाच एनआरएसएफ पण म्हणतात, दोन नावं का तर १९९५ मध्ये दोन लॅबनी ते वेगवेगळं शोधलं, गेल मँडेल यांच्या लॅबने सोडियम चॅनेलच्या जीनवरून आणि डेव्हिड अँडरसन यांच्या लॅबने एससीजी१० या जीनवरून. दोघांचा प्रश्न एकच होता, की न्यूरॉनचे जीन लिव्हर, स्किन वगैरे पेशींमध्ये गप्प का असतात. उत्तर असं निघालं की तिथे रेस्ट येऊन त्या जीनवर बसतं, एका टोकाने सिन३ए आणि दुसऱ्या टोकाने कोरेस्ट अशा दोन गँग बोलावतं, त्यांच्यासोबत हिस्टोन डीअॅसिटिलेज येतं, ते हिस्टोनवरचे अॅसिटिल ग्रुप काढून टाकतं आणि डीएनए घट्ट गुंडाळला जातो. न्यूरॉन तयार होताना रेस्ट कमी होतं आणि हे जीन मोकळे होतात. म्हणजे न्यूरॉनमध्ये रिसेप्टरचा जीन चालू असण्यात "चालू करणारं आलं" याच्याइतकाच "दाबणारं गेलं" याचा वाटा आहे, आणि हे विसरून नुसते अॅक्टिव्हेटर शोधत बसणारे लोक मी बरेच पाहिलेत.

पेशी कोणत्या घ्यायच्या

खरं काम करायचं तर रॅटच्या १८ दिवसांच्या गर्भातून कॉर्टेक्स किंवा हिप्पोकॅम्पस काढून प्रायमरी कल्चर. पॉली-डी-लायसिन लावलेली डिश, न्यूरोबेसल मीडियम, बी२७, आणि सातपासून चौदा दिवस धीर. यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी लागते, आणि व्हायरस वापरणार असाल तर बायोसेफ्टी कमिटीची वेगळी, या दोन्हींचे फॉर्म सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच भरा, मीटिंग काही तुमच्या सबमिशनच्या तारखा बघून होत नाही.

प्रायमरी जमत नसेल तर सेल लाइन. पुण्यात एनसीसीएसची सेल रिपॉझिटरी आहे, देशभरातल्या लॅब तिथून लाइन्स मागवतात. पण लाइन निवडताना त्यात रेस्ट आहे का नाही हे आधी बघा. हेलामध्ये भरपूर असतं. पीसी१२ मध्ये जवळपास नसतं, आणि हे आपल्या फायद्याचं आहे: हेलामध्ये रेस्ट काढून बघायचं की जीन सुटतो का, आणि पीसी१२ मध्ये रेस्ट बाहेरून घालून बघायचं की जीन दबतो का. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर तुमच्या बोलण्याला वजन येतं. एसएच-एसवाय५वाय आणि न्यूरो-२ए या ट्यूमरच्या लाइन्स आहेत, सोयीच्या आहेत, पण त्यांच्यावर मिळालेल्या निकालाला "न्यूरॉनमध्ये असं होतं" असं थिसिसमध्ये लिहू नका, परीक्षक तिथेच पकडतो.

प्रायमरी कल्चरमध्ये आणखी एक भानगड म्हणजे ग्लिया, मेंदूतल्या न्यूरॉन नसलेल्या पेशी. त्या वाढत राहतात, न्यूरॉन वाढत नाहीत, आणि ग्लियामध्ये रेस्ट असतं. सायटोसिन अॅराबिनोसाइड घालून ग्लिया आवरा. हे पुढे चिपच्या (पेशीत डीएनएवर कोणतं प्रोटीन बसलंय ते अँटीबॉडीने ओढून बघणं) वेळी किती महाग पडतं ते सांगतोच.

एमआरएनए मोजा, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका

क्यूपीसीआर (सिक्वेन्सच्या कॉपी वाढवत मोजायची पद्धत) सगळ्यांना येतं म्हणून सगळे चुकतात. आरएनएला डीएनेज द्या, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब ठेवा, प्रायमर दोन एक्झॉनच्या सांध्यावर डिझाइन करा, स्टँडर्ड कर्व्हचा स्लोप उणे ३.३ च्या आसपास आला पाहिजे, म्हणजे एक सायकल म्हणजे दुप्पट हा हिशोब खरा धरता येतो. रेफरन्स जीन एक नको, निदान दोन घ्या. आणि ऑक्सिजन कमी करून प्रयोग करत असाल तर जीएपीडीएच नकोच, कमी ऑक्सिजनमध्ये तो स्वतःच वर जातो, मग तुमचा रिसेप्टरचा जीन कमी झालेला दिसेल आणि प्रत्यक्षात काहीच झालेलं नसेल.

समजा एमआरएनए खरंच निम्मा झाला. आता जीन बंद झाला असं म्हणायचं का? नाही. सोसायटीच्या टाकीतलं पाणी कमी झालं तर वरून नळ कमी आला असेल किंवा खालून गळती वाढली असेल, टाकीची पातळी बघून दोन्हीतलं काय ते कळत नाही. तसंच ट्रान्सक्रिप्शन कमी झालं का एमआरएनए लवकर तुटायला लागला, हे वेगळं तपासावं लागतं. सोपा उपाय म्हणजे इंट्रॉनच्या आतले प्रायमर घेऊन न कापलेला प्री-एमआरएनए मोजायचा, तो ट्रान्सक्रिप्शनच्या जवळ असतो. दुसरा उपाय, अॅक्टिनोमायसिन डी देऊन नवीन बनणं थांबवायचं आणि दर थोड्या वेळाने उरलेला एमआरएनए मोजायचा, दोन्ही डिशमध्ये उतार सारखाच असेल तर गळती नाही, नळच कमी झालाय.

वेळेचं पण बघा. न्यूरॉनला पोटॅशियम क्लोराइडने डीपोलराइज केलं किंवा बायक्युक्युलिनने नेटवर्क चेतवलं तर सी-फॉससारखा जीन अर्ध्या तासात उड्या मारतो, तसं रिसेप्टरचे जीन सहसा करत नाहीत, त्यांना काही तास लागतात, कारण मध्ये आधी दुसरं प्रोटीन बनावं लागतं. अर्ध्या तासाला आणि एक तासाला सॅम्पल घेऊन "काही बदल नाही" लिहून मोकळे होऊ नका, सहा, बारा, चोवीस तास घ्या. मध्ये नवीन प्रोटीन लागतं का हे प्रोटीन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड देऊन कळतं.

रिपोर्टर

प्रमोटरचा तुकडा काजव्याच्या ल्युसिफरेजपुढे जोडा, पेशीत घाला, उजेड मोजा. न्यूरॉनमध्ये लिपिडवाल्या रिएजंटने ट्रान्सफेक्शन अगदी थोड्या पेशींत होतं, आणि एका डिशमध्ये जास्त एकात कमी असं होतंच, म्हणून सोबत रेनिला ल्युसिफरेज घालून भागाकार करायचा, हा ऑप्शनल नाही. आता रेनिला कोणत्या प्रमोटरवर? बहुतेक जण फ्रीजमध्ये पडलेलं सीएमव्हीवालं (एका व्हायरसचा जोरदार प्रमोटर) घेतात. नका घेऊ. सीएमव्हीमध्ये क्रेबच्या (न्यूरॉन चेतवल्यावर जीन चालू करणारं प्रोटीन) जागा आहेत, न्यूरॉन चेतवला की तो स्वतःच वर जातो, म्हणजे ज्याने भागायचं तीच पट्टी ताणली जाते. टीके प्रमोटरवालं घ्या, आणि ते पण तुमच्या ट्रीटमेंटने हलत नाही ना ते एकदा तपासून घ्या.

तुकडे छोटे छोटे करत नेले की कोणता भाग काढल्यावर उजेड वाढतो ते दिसतं, तिथे सायलेन्सर. पण तुकडा काढल्याने बाकी जागांमधलं अंतर पण बदलतं, म्हणून शेवटी पूर्ण लांबीच्या प्रमोटरमध्ये फक्त आरई१ ची तीनचार अक्षरं बदलून बघायचं. हेलामध्ये उजेड वाढला आणि न्यूरॉनमध्ये फारसा फरक नाही पडला तर तो आरई१ खरंच काम करतोय.

एक मर्यादा मात्र डोक्यात ठेवा. प्लाझ्मिडवर क्रोमॅटिन नीट बसत नाही, आणि आपला रेस्ट तर क्रोमॅटिनमधूनच काम करतो. त्यामुळे रिपोर्टरमध्ये परिणाम छोटा आला तर लगेच जीनवर परिणाम नाही असं समजू नका.

एम्साबद्दल (प्रोटीन डीएनएला चिकटतं का ते जेलवर बघणं) थोडक्यात: लेबल लावलेला आरई१ चा तुकडा, न्यूक्लियर एक्स्ट्रॅक्ट, जेल. बिनलेबलचा जास्त तुकडा घातल्यावर बँड गेला पाहिजे, बिघडवलेला तुकडा घातल्यावर जाता कामा नये, अँटीबॉडी घातल्यावर वर सरकला पाहिजे. हे सगळं ट्यूबमध्ये होतं, पेशीत होतंय का ते यातून कळत नाही. आणि हो, वेस्टर्न करणार असाल तर रेस्टचा बँड हिशोबाने सव्वाशे किलोडाल्टनच्या आत यायला हवा पण जेलवर बरेचदा २०० च्या आसपास दिसतो, म्हणून अँटीबॉडीला शिव्या देण्याआधी नॉकडाउन केलेलं सॅम्पल शेजारी लावा, जो बँड फिका होईल तो खरा.

चिप, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जिवंत पेशीत प्रोटीन आणि डीएनए एकमेकांना चिकटवायला १ टक्का फॉर्मल्डिहाइड, दहा मिनिटं, मग ग्लायसिन घालून थांबवायचं, पेशी फोडायच्या, सोनिकेट करून डीएनएचे २०० ते ५०० बेसचे तुकडे करायचे, रेस्टच्या अँटीबॉडीने ओढायचं आणि त्यात जीआरआयए२ चा प्रमोटर आला का ते क्यूपीसीआरने मोजायचं. सोनिकेशन प्रत्येक मशीनचं, प्रत्येक पेशीचं वेगळं, दुसऱ्याच्या पेपरमधली सेटिंग जशीच्या तशी चालत नाही, आधी जेल चालवून तुकडे बघा. बर्फ वितळला, ट्यूबमध्ये फेस आला की सॅम्पल गेलं समजा.

कंट्रोल: साधा आयजीजी (रेस्टला न ओळखणारी अँटीबॉडी); एक जागा जिथे रेस्ट नक्की बसतं, सोडियम चॅनेलवाला किंवा एससीजी१० चा जुना आरई१ घ्या; आणि एक जागा जिथे ते बसूच नये. निकाल इनपुटच्या (अँटीबॉडीने ओढण्याआधीच्या सॅम्पलच्या) टक्क्यात द्या. त्याच सॅम्पलमधून अॅसिटिल हिस्टोनचा पण एक चिप करा, कारण रेस्ट तिथे आहे एवढं पुरत नाही, ते तिथे काही करतंय का हे हिस्टोन सांगतात.

आता ग्लियाची भानगड. अख्ख्या मेंदूच्या तुकड्यातून किंवा न आवरलेल्या कल्चरमधून चिप केला आणि जीआरआयए२ वर रेस्ट सापडलं, तर ते न्यूरॉनमधलं कशावरून? ग्लियामध्ये ते असणारच आहे. आणि क्यूपीसीआरमध्ये जीआरआयए२ चा एमआरएनए बहुतेक न्यूरॉनमधून येतोय. म्हणजे एकाच ट्यूबमध्ये दाबणारं प्रोटीन एका पेशीतलं आणि चालू जीन दुसऱ्या पेशीतला, आणि आपण दोघांची गोष्ट एकत्र लिहून टाकतो. उपाय आहे, न्यूएन या न्यूरॉनच्या खुणेवरून न्यूक्लियस सॉर्ट करून मग चिप करायचा. खर्चिक आहे, पण नाही केलं तर निदान डिशमध्ये ग्लिया किती टक्के होत्या ते मोजून लिहा.

काढून बघितल्याशिवाय "कंट्रोल करतं" म्हणायचं नाही

इथपर्यंत तुम्ही दाखवलंत की रेस्ट तिथे बसतं. बसणं आणि दाबणं वेगळं. शॉर्ट हेअरपिन आरएनएने (ठरलेला एमआरएनए तोडायला लावणारा छोटा आरएनए) रेस्ट कमी करा, जीआरआयए२ वर आला का बघा, मग हेअरपिन ज्याला ओळखत नाही असं रेस्ट परत घालून जीन पुन्हा खाली येतो का बघा. एकाच हेअरपिनवर थांबू नका, दोन वेगवेगळे घ्या. टीएसए हे रसायन देऊन जीन वर आला म्हणून उड्या मारणारे पण असतात, पण ते सगळ्या पेशीतली हिस्टोन डीअॅसिटिलेजेस अडवतं, हजार जीन हलतात, त्यातला तुमचा एक. सगळ्यात स्वच्छ प्रयोग म्हणजे क्रिस्परने खुद्द जीनोममधला तो आरई१ बिघडवणं, कारण रेस्ट काढलं की त्याचे शेकडो टार्गेट हलतात, जागा बिघडवली की फक्त हाच जीन.

हे सगळं करून काय मिळतं याचं चांगलं उदाहरण न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या सुझान झुकिन यांच्या ग्रुपचं, २००३ चं काम आहे. रॅटच्या मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवला की हिप्पोकॅम्पसमधले सीए१ चे न्यूरॉन लगेच मरत नाहीत, दोनतीन दिवसांनी मरतात, आणि शेजारचे बरेचसे वाचतात. त्यांना दिसलं की सीए१ च्या न्यूरॉनमध्ये, जिथे रेस्ट कमी असायला हवं तिथेच, ते पुन्हा वाढतं आणि ग्लूए२ खाली जातं. नुसतं सोबत घडतंय एवढ्यावर ते थांबले नाहीत, डिशमधल्या हिप्पोकॅम्पसच्या स्लाइसमध्ये अँटीसेन्सने रेस्ट दाबलं तेव्हा ग्लूए२ टिकलं आणि न्यूरॉन पण वाचले. त्याच ग्रुपने २०१२ मध्ये दाखवलं की पिल्लं मोठी होताना एनएमडीए रिसेप्टरमधलं (ग्लुटामेटचाच दुसरा रिसेप्टर) ग्लूएन२बी कमी होऊन ग्लूएन२ए येतं त्या बदलात पण रेस्टचा हात आहे, आणि पिल्लांना आईपासून दूर ठेवलं की तो बदल नीट होत नाही.

पण सगळे रिसेप्टर रेस्टनेच चालतात असं धरू नका हं. न्यूरॉनला शांत करणाऱ्या जीएबीए-ए रिसेप्टरचं घ्या. रॅटला पायलोकार्पिनने लांबलेली फिट आणली की हिप्पोकॅम्पसजवळच्या डेंटेट गायरसच्या पेशींत त्याच्या सबयुनिट्सपैकी अल्फा१ कमी आणि अल्फा४ जास्त होतं. इथे सिग्नल एकच, बीडीएनएफ हे मेंदूतलं वाढीचं प्रोटीन, पण रस्ते दोन: जॅक-स्टॅटच्या रस्त्याने आयसर नावाचं प्रोटीन वाढतं, ते क्रेबसोबत अल्फा१ च्या प्रमोटरवर बसून त्याला दाबतं, आणि दुसऱ्या रस्त्याने ईजीआर३ वाढून अल्फा४ ला चढवतं. बाहेरून एकच रेणू आला आणि एकाच कुटुंबातला एक जीन खाली, दुसरा वर. क्रेब म्हणजे चालू करणारं असं पाठ केलेल्यांनी हे दोनदा वाचावं, कारण शेजारी कोण बसलंय त्यावर क्रेबचं काम बदलतं.

शेवटी रिसेप्टर खरंच बदलला का ते तपासा

एमआरएनए कमी म्हणजे मेम्ब्रेनवर रिसेप्टर कमी, असं आपोआप होत नाही. ग्लूए२ च्या लांब ५ प्राइम भागात जीयूची रिपीट आहेत, ती प्रोटीन बनणं मंदावतात, म्हणजे सारखा एमआरएनए असूनही प्रोटीन कमीजास्त होऊ शकतं. आधीपासून बसलेलं प्रोटीन पण लगेच जात नाही. म्हणून पेशीच्या बाहेरच्या प्रोटीनला बायोटिन लावून ओढा आणि वेस्टर्न करा, एकूण किती आणि वर किती दोन्ही आकडे द्या.

पॅच क्लॅम्पवाला मित्र असेल तर त्याला चहा पाजा आणि एक साधी गोष्ट करून घ्या. ग्लूए२ नसलेल्या रिसेप्टरमध्ये पॉझिटिव्ह व्होल्टेजला आतून स्पर्मिन येऊन चॅनेल अडवतं, त्यामुळे करंट-व्होल्टेजची रेषा उजव्या बाजूला वाकून आडवी होते. ग्लूए२ असेल तर रेषा सरळ. पिपेटच्या आतल्या सोल्युशनमध्ये स्पर्मिन घालायला त्याला आठवण करा, नाहीतर ते पिपेटमध्ये धुऊन जातं आणि रेषा दोन्हीकडे सरळच दिसते. वर नास्प्म हे रसायन देऊन करंट कमी होतो का बघा, तो ग्लूए२ नसलेल्यांनाच अडवतो. रेषा वाकली, नास्प्मने करंट पडला, आणि आरई१ बिघडवलेल्या पेशीत या दोन्हीतलं काहीच झालं नाही, एवढं हातात असेल तर फिगर काढायला घ्या.